कव्हरासकट लाइफ जॅकेट

दाजींच्या घरी सोफा येऊन नऊ वर्षं झाली, पण त्यावर अजून कुणी बसलेलं नाही. बसतात ते त्याच्या प्लॅस्टिकवर. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजवर दुकानाचं स्टिकर. अशा माणसाने हौसेखातर होडी घेतली, पण ती पाण्यात उतरवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ओली झाली असती.

उतरवावी लागली, कारण रविवारी त्यांच्या आईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि "एकदा पाण्यातून फिरवून आण" एवढंच त्यांनी मागितलं होतं. सुरक्षेच्या दाखल्याशिवाय होडी धक्क्यावरून हलत नव्हती, आणि दाखला देणारे साहेब शनिवारपासून महिनाभर रजेवर. म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं होडीत जाऊन बसलो. दाजी, ताई, आई आणि चौथं वजन म्हणून मी.

साहेब धक्क्यावर उभे राहून यादी वाचू लागले. आग विझवायचं नळकांडं? आहे. बुडणाऱ्याकडे फेकायचं कडं? आहे. शिट्टी, विजेरी, दोर, पाणी उपसायला बादली? आहे, आहे. दाजींची छाती जॅकेटाशिवायच फुगत चालली.

"लाइफ जॅकेटं?"

"चार! एक नंबर माल आहे साहेब."

"छान. मी शिट्टी वाजवली की होडी बुडतेय असं समजायचं. मिनिटभरात चौघांच्या अंगात दिसली पाहिजेत."

शिट्टी वाजली. दाजींनी बाकाखालची पेटी ओढली. तिला कुलूप. किल्ली ताईच्या पर्समध्ये, पर्समधल्या छोट्या पर्समध्ये. पेटीत प्रत्येक जॅकेटाला कापडी खोळ, खोळीत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला चिकटपट्टी. दाजींनी चष्मा लावला आणि नखाने पट्टीचं टोक शोधायला घेतलं.

"अहो, फाडा ना!" ताई ओरडली.

"थांब गं. टोक सापडलं की अख्खी निघते. पिशवी परत वापरता येते."

"कुणाला?" साहेबांनी विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुम्ही तीन मिनिटांपूर्वी बुडालात. शेजारची होडी बघून येतो. एकदाच परत शिट्टी वाजवीन, जमलं नाही तर पुढच्या महिन्यात."

ते गेले, तरी दाजींचं नख पट्टीवरून फिरतच होतं.

"लहानपणी तुला नवे बूट घेतले होते, आठवतात?" आई म्हणाल्या. "जपून ठेवलेस. काढलेस तेव्हा पायाची नुसती बोटं आत गेली."

"आई, ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? मला नको रे असं जपून ठेवूस पुढच्या महिन्यापर्यंत."

दाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग डोळे मिटले आणि पिशवी फाडली. टर्रकन असा आवाज झाला की पलीकडच्या होडीतून साहेबांनी मान वर करून पाहिलं. उरलेल्या तीन फाडताना मात्र त्यांना थोडी मजा येत असावी, असं मला वाटलं.

दुसऱ्या शिट्टीला अठ्ठेचाळीस सेकंद लागले. त्यातले वीस आईंनी नारिंगी रंग आपल्याला शोभतो का, हे विचारण्यात घालवले.

रविवारी आई होडीच्या पुढच्या टोकाला बसल्या आणि दोन तास उतरायला तयार नव्हत्या. जॅकेट ओलं झालं, डागही पडला. दाजींनी तो पुसलाही नाही.

दाखला तेवढा त्यांनी लॅमिनेट करून घेतला. त्याला कुणी हरकत घेतली नाही. तो अंगात घालायचा नव्हता.