आधी आलेला सूर

आमच्या आप्पांची बँजो पार्टी नेवाशापासून केडगावपर्यंतच्या वरातींत गाजलेली, आणि तिच्यात कीबोर्ड घेऊन मी उभा राहिलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आप्पांची शिकवण एकच: वाजवणाऱ्यानं आपल्या बोटांकडे नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं, पाय मागतील ती चाल धरायची. इतकी वर्षं पायांचंच ऐकत आलो आणि खरं सांगतो, पार विटलो. म्हणून जुने सिंथेसायझर जमवले, वायरींचं जंजाळ केलं आणि ठरवलं, यापुढे तिथल्या तिथे माझ्या मनात येईल तेच वाजवायचं.

आप्पा म्हणाले, "एक डाव वाजीव लोकांपुढं. उठून गेले तर गपगुमान पार्टीत यायचं. कबूल?"

"कबूल."

सुनील माझा दोस्त. नागापूरच्या त्याच्या वर्कशॉपात, सुट्टीच्या दुपारी, लेथवर ताडपत्री टाकून आणि खुर्च्या मांडून कार्यक्रम करायचं ठरलं.

तालमीत एक गंमत झाली. माझ्याकडे डिलेचा डबा आहे. वाजवलेला सूर तो पोटात धरतो आणि जरा वेळानं परत ऐकवतो. त्यातून एक सूर आला, जो मी वाजवलाच नव्हता. मी हबकलो, तेवढ्यात बोट आपसूक एका पट्टीवर गेलं आणि नेमका तोच सूर निघाला.

सुनील समोरच बसला होता. "गोरक्ष, तू दाबायच्या आधीच आवाज कसा काय येतोय रे?"

"वायरीचा प्रॉब्लेम हाय," मी म्हणालो.

वायर बदलली, तरी तेच. अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण पुढचा सूर आला तो इतका देखणा, की मी निमूट त्याच्या मागे गेलो आणि मग जातच राहिलो.

कार्यक्रमात तर डब्यानं कहर केला. सूर आधी यायचा, मी तो धरायचो, त्याच्या अंगावर दुसरा यायचा. वरचे पत्रे थरथरायला लागले, खुर्च्या मागे सरकल्या, सगळं वर्कशॉप उभं राहिलं, आणि लोकांना उभा जन्म नाचवून स्वतः कधी पाय न हलवलेले आप्पा दोन्ही हात वर करून मधोमध नाचत होते. मला रडू फुटलं. जिंकलो होतो मी.

थांबलो तरी टाळ्या थांबेनात. आप्पा घामाघूम होऊन जवळ आले आणि माझ्या गालावर हात ठेवला.

"हरलो गड्या. आता पार्टीत बोलवायचो न्हाई तुला," ते म्हणाले. "अजून एक वाजीव. तुझ्या मनाचं."

माणसं पुन्हा तयारीत उभी राहिली. डब्याचा दिवा लागलेलाच होता. मी पट्टीवर बोट टेकवलं. टाळ्या हळूहळू विरल्या, मागे कुणीतरी खोकलं, आप्पांनी मानेनं 'कर सुरू' म्हणून खुणावलं. आणि मी बोट तसंच ठेवून डब्यातून सूर यायची वाट बघत होतो.