स्क्रूवरचा लाल ठिपका

मित्रांनो, सायकलच्या मागच्या चाकापाशी, चेनला धरून मान खाली घालून लोंबकळणारा तो काळपट तुकडा दिसतोय का? तो मी. आज मला टेन्शनर म्हणतात, म्हणजे ढिली चेन ताणून धरणारा. पण मी जन्माने टेन्शनर नाही. मी एक जुना गिअर बदलणारा आहे, आणि हे सांगताना मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

कारखान्यात मला दोन दातेरी चकत्या आणि एक जोरदार स्प्रिंग मिळाली. मागच्या चाकावर तेव्हा लहानमोठी सात चक्रं होती. हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबला की तार मला ओढायची, आणि मी चेन अलगद या चक्रावरून त्या चक्रावर नेऊन ठेवायचो. आमच्या मालकीणबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा बसवायच्या, दांड्यांचे बारीक स्क्रू आवळायचे, हे त्यांचं काम. दुकानाआधीचा चढ त्या गप्पा मारत चढायच्या आणि माझं कौतुक करायच्या. मी भलताच तोऱ्यात असे. शेजारी एखादी बिनगिअरची सायकल उभी राहिली तर तिच्याकडे बघतसुद्धा नसे.

मग मालकीणबाई आजारी पडल्या. खूप दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात त्यांचं ऐकत नव्हता. बोटं कशीबशी मिटायची, पण अंगठ्याला जोर म्हणून नव्हता. दुकानात त्यांना स्क्रूचं काम देईनात. तयार चष्मा पुसायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, एवढंच उरलं. यजमान त्यांना स्कूटरवरून सोडायचे आणि आणायचे. मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

एक दिवस त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, माझी मी जाईन म्हणते सायकलवर. ब्रेक दाबता येतो मला. तो गिअरचा खटका तेवढा जमत नाही."

"मग गिअरच काढून टाकू," यजमान म्हणाले. "एकच चक्र ठेवू. कटकटच नको."

त्यांनी सहा चक्रं काढून जुन्या डब्यात टाकली. माझी तारही कापली. मला वाटलं, आता आपणही डब्यात. पण या सायकलचं चाक मागे सरकवून चेन ताणायची सोयच नव्हती, म्हणून चेन ताणायला मला ठेवलं. तार नसली की माझी स्प्रिंग मला बाहेरच्या बाजूला ओढते. ते होऊ नये म्हणून यजमानांनी माझ्यावरचा एक छोटा स्क्रू आत पिळला आणि मला त्या एकुलत्या चक्राच्या खाली अडवून ठेवलं. सात घरं फिरलेला मी, आता एका जागी खिळलो.

मालकीणबाईंची नणंद आली होती. ती हसत म्हणाली, "वहिनी, सातांवरून एकावर? आता एवढंच का?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मालकीणबाईंनी उजवा हात हळूच ओढणीखाली घेतला. मला लपायला तेवढीही जागा नव्हती.

पहिले काही दिवस बरे गेले. मग खड्ड्यांच्या धक्क्यांनी तो स्क्रू हळूहळू मागे येऊ लागला. स्प्रिंग मला ओढत होती आणि मी सरकत होतो. मला कळत होतं, पण आवरता येत नव्हतं. अखेर त्या चढावर, दुकानाच्या अगदी समोर, चेन खटकन उतरली. काचेच्या आतून सगळे बघत होते. मालकीणबाईंनी चेन बसवायचा प्रयत्न केला, बोटं काळी झाली, चेन काही बसली नाही. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या सायकल ढकलत घरी आल्या. यजमान घाबरून गेले होते, त्यामुळे चिडून बोलले, "झाली हौस? उद्यापासून स्कूटरवर चलायचं. ही सायकल देऊन टाकू कुणालातरी."

त्यांनी चष्मा लावला, त्या पाटावर बसल्या, आणि डाव्या हाताने पेडल फिरवत मला मागून निरखू लागल्या. तेव्हा कुणीच माझ्याकडे बघू नये असं मला वाटत होतं.

"अहो, हा स्क्रू मागे आलाय."

"आवळतो मी. पण परत येईल तो."

"नाही येणार. चष्म्याच्या दांडीचा असाच ढिला होतो. वर नेलपॉलिशचा थेंब सुकला की मग हलत नाही."

त्या आतून लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. आजारपणापासून ती तशीच पडून होती, कारण डाव्या हाताची नखं रंगवायला उजवा हात लागतो. त्यांनी डाव्या हाताने स्क्रू पिळून मला पुन्हा चक्राखाली आणलं. यजमान म्हणाले, "दे, मी लावतो."

"राहू द्या."

बाटली गुडघ्यांत धरून त्यांनी झाकण काढलं. ब्रश उजव्या हातात घेतला आणि ते मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. एक थेंब माझ्या चकतीवर पडला, एक फरशीवर. त्यांचा हात थरथरत होता, माझी स्प्रिंग मला ओढत होती, आणि आम्ही दोघंही जागेवर राहायची पराकाष्ठा करत होतो. मग ब्रश स्क्रूवर टेकला. यजमान हातात फडकं घेऊन उभे होते, पण पुसायला पुढे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच सायकल दाराबाहेर काढून ठेवली.

त्यानंतर चेन उतरली नाही. नणंद पुन्हा आली तेव्हा खाली वाकून म्हणाली, "वहिनी, हे लाल काय फासलंय?"

"मी लावलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "या हातानं. थोडं बाहेर गेलंय, पण स्क्रू हलला नाही." आणि उजवा हात त्यांनी ओढणीबाहेरच ठेवला.

माझी लाज मात्र पुरती गेलेली नाही, मित्रांनो. गिअरची एखादी सायकल चढावर भर्रकन पुढे गेली की मला अजून खाली बघावंसं वाटतं. तेव्हा एक करा. ज्याला एकच काम उरलंय, त्याला 'आता एवढंच का?' असं विचारू नका. चेनला वेळच्या वेळी तेल द्या, माझ्या चकत्यांमधला चिखल काडीने काढा, फडक्याने मला हवं तितकं पुसा. तेवढा तो लाल ठिपका मात्र खरवडू नका.