चार ओळींची राखण

“पुढे,” आत्या म्हणाली आणि छापील कागदावरची स्टीलची पट्टी तिने एका ओळीने खाली सरकवली.

भाचीने संगणकाच्या पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. आत्याने कागदावरची तीच ओळ पेन्सिलीच्या टोकाने अक्षर न अक्षर तपासली.

“जुळलं. ही काय करते?”

“तापमानाच्या नोंदी ठेवायला जागा करते.”

“कुणाची जागा अडवून?”

“कुणाची नाही गं. रिकामी असते तिथेच.”

आत्याने समासात बारीकशी खूण केली.

रक्तपेढीच्या मागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. भिंतीला लागून चार शीतकपाटे एकसुरी घरघरत होती. महिन्यापूर्वी, सुट्टीच्या दिवशी, त्यांतले तिसरे कपाट बंद पडले होते. ते कुणाच्या ध्यानात येईपर्यंत आतले रक्त कोमट झाले आणि अडतीस पिशव्या फेकून द्याव्या लागल्या. त्यांतल्या चार पिशव्या अतिशय दुर्मिळ गटाच्या होत्या. भाचीने बनवलेला प्रोग्राम दर मिनिटाला कपाटातले तापमान पाहत असे आणि ते चढू लागले की फोनवर हाक देत असे. तो कुणालाही फुकट मिळे. तो संगणकावर बसवणारी आज्ञांची यादी, म्हणजे त्याची स्क्रिप्ट, कुणालाही उघडून वाचता येत असे. देशोदेशीच्या दोन हजार तीनशे ठिकाणी तो चालू होता. एक ओळ टंकून बटण दाबले की दोन मिनिटांत काम होई. भाची सकाळी आली होती ती ही दोन मिनिटे गृहीत धरून.

आत्याने तिच्यापुढे दोनशे बारा ओळींची छापील प्रत ठेवली होती.

“या संगणकात प्रत्येक रुग्णाचा रक्तगट आहे,” ती म्हणाली होती. “तुझी यादी त्याच्याकडे पूर्ण अधिकार मागते. दे म्हणतेस तर देते. पण आधी वाचायचं.”

पिशवी खिडकीतून बाहेर देताना इथे दोघे जण लागत. एकाने पिशवीवरचे वाचायचे, दुसऱ्याने मागणीपत्राशी ताडायचे आणि ‘जुळलं’ म्हणायचे. एकतीस वर्षांत आत्याने हा नियम कुणासाठी वाकवला नव्हता, एकदा खुद्द शल्यचिकित्सक दारात पाय आपटत उभा असतानाही नाही.

खिडकीशी बसलेला तंत्रज्ञ हसला. “ताई, अहो, आम्ही लग्नाच्या वेळीसुद्धा अटी वाचल्या नव्हत्या.”

“म्हणून बायको आता रोज वाचून दाखवते ना? पुढे, चिंगे.”

पहिल्या वीस ओळींत भाचीला संकोच वाटला होता, पुढच्या वीसमध्ये थोडा राग आला. साठाव्या ओळीच्या आसपास कधीतरी तिचा आवाज खाली आला आणि वाचन संथ झाले. आपले लिखाण आजवर कुणी असे ऐकलेले नाही, हे तिला जाणवले. त्याचा अर्थ ठाऊक नसलेली एक बाई त्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबत होती. त्या स्वल्पविरामावर कुणाचा तरी जीव अडकला असावा असे ते थांबणे होते. दोन हजार तीनशे जणांनी बटण दाबले होते. आत्याच्या पट्टीकडे पाहताना तो आकडा भाचीला पहिल्यांदा माणसांचा वाटला.

एकशे सत्तेचाळिसावी ओळ तिने वाचली.

“जुळलं. ही काय करते?”

“ही... जुन्या संगणकांसाठी आहे. इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून एक छोटी फाइल आणते आणि चालवते.”

“तुझा पत्ता?”

“नाही. एक जण आहे, कासव नावाचा. म्हणजे टोपणनाव. जुन्या संगणकांवर माझा प्रोग्राम अडकायचा. त्याने चार ओळी लिहून दिल्या, सहा वर्षांपूर्वी.”

“काय आहे त्या चार ओळींत?”

“तेव्हा पाहिल्या होत्या मी. साध्या होत्या.”

“आज पाहिल्यास?”

भाचीने नकारार्थी मान हलवली.

“सकाळी ताडलेली पिशवी संध्याकाळी देताना आम्ही परत ताडतो,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात धार नव्हती. “तो भेटलाय तुला?”

“नाही.”

“बाई आहे की बुवा?”

“ते पण नाही माहीत.”

“आणि त्याने आज तिथे दुसरंच काही लिहून ठेवलं तर?”

“तर तेही चालेल.” भाचीने ओठ मिटले, मग पुन्हा उघडले. “पूर्ण अधिकाराने. सगळीकडे.”

आत्याने समासात खूण केली नाही. पेन्सिल तशीच हातात धरून ती वाट पाहत राहिली. लोक तिच्या नावावर विसंबून बटण दाबत होते आणि ती एका टोपणनावावर विसंबून सहा वर्षे निवांत झोपत होती. हे बाहेर कळले तर तिच्या शब्दाला काय किंमत राहणार होती? आणि लपवले तर ती किंमत आजच संपणार होती, निदान या टेबलापुरती.

“उघड,” आत्या म्हणाली. “बघू तरी.”

फाइल उघडली. चार ओळी तळाशी होत्या, पूर्वीच्याच. त्यांच्या वर माणसांनी वाचायचा बराच मजकूर साचला होता. त्यातला पहिला परिच्छेद भाचीने मनात वाचायला घेतला आणि आत्याने टेबलावर टकटक केले.

“मोठ्याने.”

“‘हा पत्ता माझा आहे,’” भाची वाचू लागली. “‘उद्या मी इथे काहीही लिहू शकतो आणि ते अनोळखी लोकांच्या यंत्रांवर चालेल. इतका अधिकार मला नको आहे. जो कुणी हे वाचत असेल त्याने या चार ओळी आपल्या स्क्रिप्टमध्ये उतरवून घ्याव्यात आणि माझ्याकडे येणारी वाट बंद करावी. तोवर मी दर महिन्याच्या एक तारखेला हे तपासून इथे नोंद करीन.’”

खाली तारखा होत्या. एकीखाली एक, ओळीने. प्रत्येकीपुढे तेच शब्द: पाहिलं, जसंच्या तसं. भाचीने बोटाने पडदा वर ढकलला. वर्ष संपले, दुसरे सुरू झाले. एकही महिना गाळलेला नव्हता. एका ठिकाणी ‘रुग्णालयातून’ एवढाच जादा शब्द होता. तंत्रज्ञ कधी तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, ते कुणाला कळले नाही.

“त्याने तुला कळवलं नाही हे?” आत्याने विचारले.

भाचीने जुन्या पत्रांत शोधले. कासवाची दोन पत्रे सापडली. दोन्हींत तीच विनंती होती. दोन्हींखाली तिचे एकच उत्तर होते: नक्की करते.

तिने पडदा आत्याकडे वळवला. झाकण्यासारखे काही उरले नव्हते.

“हं,” आत्या म्हणाली. “पुढे वाच.”

चौदा महिन्यांपूर्वीच्या तारखेपाशी नोंद बदलली होती. भाचीने ती वाचायला सुरुवात केली, अडखळली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“‘बाबांची दृष्टी गेली. आजपासून मी वाचते आणि ते ऐकतात. चारही ओळी त्यांना पाठ आहेत. मला यातलं काही कळत नाही. ते म्हणतात, कळायची गरज नाही, फक्त अक्षर सोडू नकोस. वाचलं, जसंच्या तसं.’”

त्यानंतर दर महिन्याला: वाचलं, जसंच्या तसं. शेवटची तारीख याच महिन्याची होती.

तंत्रज्ञाने हातमोजे काढून खिशात ठेवले. ते का काढले, हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते. आत्या खुर्चीत ताठ बसली होती.

“कुठे राहतात गं हे?”

“माहीत नाही, आत्या.”

“कुठल्या गावची कोण पोर,” आत्या म्हणाली आणि तिने वाक्य तिथेच सोडले.

भाचीने कामाला हात घातला. चार ओळी स्क्रिप्टमध्ये उतरवल्या आणि परक्या पत्त्याकडे जाणारी ओळ पुसली. मग प्रोग्रामच्या जाहीर पानावर तिने लिहिले की सहा वर्षे या स्क्रिप्टमध्ये अनवधानाने एक असुरक्षित ओळ राहिली होती. आत्याने ते चष्म्यावरून वाचले.

“‘अनवधानाने’ काढ.”

“आत्या, सगळे असंच लिहितात.”

“त्याने दोनदा सांगितलं होतं. तू ‘करते’ म्हणालीस. मग अनवधान कसलं?”

भाचीने शब्द पुसला. त्या जागी तिने लिहिले: मला हे दोनदा सांगितले गेले होते, मी ते केले नाही. त्याखाली कासवाची पत्रे जोडली, आपली दोन उत्तरेही जोडली, आणि लगेच बटण दाबले. काही मिनिटांतच प्रतिक्रिया येऊ लागल्या. पहिली तिखट होती. दुसरी तिच्याहून तिखट. तिसऱ्या माणसाने लिहिले होते की आज तो आयुष्यात पहिल्यांदा एक स्क्रिप्ट पूर्ण वाचतो आहे.

“चला,” तंत्रज्ञ म्हणाला, “बापलेक सुटले म्हणायचे.”

“नाही सुटले.” भाचीने मान हलवली. “जुन्या प्रती लोकांकडे आहेतच. कुणी त्यांतली एखादी पुन्हा चालवली की ती त्याच पत्त्यावर जाणार. आणि यांनी पत्ता सोडला तर तो दुसरं कुणीही घेऊ शकतं. कुणीही.”

“म्हणजे किती दिवस?”

“वर्षं. कदाचित खूप वर्षं.”

फाइलीतच पत्र पाठवायचा ई-मेल पत्ता होता. भाचीने चार वेळा मजकूर लिहिला आणि चार वेळा पुसला. आभार तोकडे पडत होते, माफीला स्वार्थाचा वास येत होता. शेवटी तिने काय घडले ते सरळ लिहिले आणि खाली दोन वाक्ये घातली: फाइलीचा तो पत्ता माझ्या नावावर करून द्या. यापुढे राखण मी करीन.

“पाठवलंस?” आत्याने विचारले. “मग आता पहिल्या ओळीपासून.”

“पहिल्या? आत्या, चारच तर नव्या आहेत.”

“पिशवीवरचं लेबल बदललं की आम्ही पिशवी नवी धरतो. वाच.”

भाची वाचू लागली. आता तिला घाई नव्हती. तिसाव्या ओळीला खिडकीत एक माणूस मागणीपत्र घेऊन आला. आत्या उठली, तंत्रज्ञाबरोबर पिशवी ताडून दिली आणि परत यायला निघाली. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर उमटले. भाचीने ते न सांगताच मोठ्याने वाचले.

“‘तुमचं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. पत्ता द्यायला ते तयार आहेत. फक्त एक विचारतात, तुमच्याकडे ऐकणारं कुणी आहे का?’”

भाचीने मान वर केली. आत्या खोलीच्या मधोमध उभी होती.

“माझ्याकडे काय बघतेस?” ती म्हणाली. “उत्तर दे त्यांना. म्हातारा ताटकळला असेल.”