तेवीस जणांचं सॉफ्टवेअर

फॉर्मला सतरा रकाने होते. त्यातले सोळा सायमानं दहा मिनिटांत भरून टाकले, घोडं अडलं ते अकराव्यापाशी. 'सॉफ्टवेअरचे एकमेव मालक : नाव व सही.' एकमेव! आता बोला. ज्याला तेवीस माणसांचे हात लागले, त्याचा एकमेव मालक ती आणणार तरी कुठून?

सायमा म्हणजे चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या सादिकभाईंची थोरली. बापाची हयात रेडिओ-टीव्ही उघडण्यात गेली, लेकीनं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं. वय बत्तीस, जीभ तिखट, आणि एकदा नाही म्हणाली की मग नाहीच. सादिकभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, "मेरी बेटी है, पण मी तिचा मालक नाई भाऊ."

हे सॉफ्टवेअर जन्मलं ते सरिताबाईमुळं. सरिताबाई गडचिरोलीच्या पार आतल्या जंगलात एका उपकेंद्रात नर्स. तिच्याकडं अकरा गावं, त्यातली सात पावसाळ्यात नाल्यांपलीकडं अडकून पडणारी. त्या गावांना चार महिन्यांचं रेशन मे महिन्यातच पोचतं करतात, तशी औषधंही पोचवावी लागतात. कोणाला कोणती गोळी, किती, कोणत्या नाल्यापलीकडं, हे सगळं ती वहीत लिहायची. एका वर्षी नाला ओलांडताना डोंगा कलंडला आणि वही गेली वाहून. बाई सुट्टी टाकून, दोन बस बदलून दुकानात आली आणि म्हणाली, "पोरी, पाण्यात बुडनार नाई अशी वही करून दे ना मले."

सायमानं काही शून्यातून उभं केलं नाही. ओडिशातल्या एका डॉक्टरनं औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. कोणीही घ्या, वापरा, हवं तसं बदला. अट एकच, तुम्ही केलेला बदल परत सगळ्यांसाठी उघडा ठेवा. तिनं ते घेतलं. नेटवर्क नसताना चालायची सोय नांदेडच्या कॉलेजातल्या पोरांनी करून दिली, तीही ओळखपाळख नसताना. चंद्रपूरच्या एका ठोक औषधविक्रेत्यानं तेच आपल्या गोदामात बसवलं. त्याच्याकडच्या पवननं मुदत संपत आलेली औषधं आधी वर दिसतील अशी तजवीज केली. गोदामातली नासाडी निम्म्यावर आली, आणि पवनची ती तजवीज आठवडाभरात सरिताबाईच्या मोबाईलवरही चालू झाली, छदाम न मोजता. व्यापाऱ्याचं भलं झालं, सरकारच्या गोळ्या वाचल्या, आणि गंमत म्हणजे कोणाच्या ताटातलं काही कमी झालं नाही. सायमा तर हरखून गेली होती. जग असंही चालतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

ज्यांचे हात लागले त्यांच्या यादीतलं तेविसावं नाव मंगलीचं. सतरा वर्षांची माडिया आदिवासी पोर, नाल्यापलीकडच्या एका पाड्यावरची. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्माचा आजार. रोज एक गोळी घ्यायची. खंड पडला की अंगातलं हाड न् हाड ठणकायला लागायचं. सायमानं सॉफ्टवेअरमध्ये नकाशा घातला तेव्हा ही पोरगी सरिताबाईच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावली आणि फसकन हसली. "बाई, याच्यात नाला दिसते, पानी कुठी दिसते?" मग ती आणि सरिताबाई महिनाभर फिरल्या. कोणता नाला कोणत्या पंधरवड्यात बंद होतो, कोणता दिवसाआड उतरतो, कुठं डोंगा लागतो, मंगली सांगत गेली आणि बाई टिपत गेली. सॉफ्टवेअरचं नाव 'नालापार' पडलं ते तिथून. तीन पावसाळे त्या सात गावांत एकाचीही गोळी चुकली नाही. सायमानं मंगलीचं नाव कामकऱ्यांच्या यादीत टाकलं. मोबाईलवर ते पाहून पोरगी लाजून चूर झाली होती म्हणे.

आणि आता हा फॉर्म. उपकेंद्रांना औषधं पुरवणाऱ्या सरकारी योजनेच्या ऑफिसात नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, यापुढं मालकाच्या सहीशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर वापरायचं नाही. फॉर्म घेऊन सायमा ऑफिसात गेली. टेबलामागं सुनिल नावाचे क्लार्क होते, माणूस मनानं चांगला.

"ताई, तुमचं नाव टाका न् सही ठोका. काय बिघडते?"

"पण ते माझं एकटीचं नाही ना सुनिलभाऊ. खोटं कसं लिहू?"

"कोन येऊन राह्यलं पाहाले?"

"कोणी नाही येणार. म्हणून काय झालं?"

सुनिलभाऊंनी हात टेकले. "बिघडलं तं पकडाचं कोनाले, एवढंच साहेबाले पाहिजे. फाईलले एक मानूस लागते, ताई."

घरी आल्यावर सादिकभाईंनीही समजावलं. "बेटा, लिहून टाक. ते लोक तुला माफ करतील." सायमा उसळली. "अब्बा, ओडिशाच्या डॉक्टरचं नाव खोडू? पवनचं खोडू? त्या मंगलीचं खोडू? लोकांचं काम आपल्या नावावर करणाऱ्यांना तुम्हीच चोर म्हणता ना?" पोरीचं चुकत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

अकराव्या रकान्यात सायमानं लिहिलं, 'सर्वांचे. तेवीस जणांची यादी सोबत जोडली आहे.' तिला खरंच वाटलं होतं, कोणीतरी यादी वाचेल, कौतुक करेल. फाईल आठ दिवसांत परत आली. 'मालकी स्पष्ट नाही. नामंजूर.'

कंपनीची मालकी मात्र लख्ख स्पष्ट होती. एप्रिलमध्ये कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर आलं. चकचकीत होतं, त्यात वाद नाही. त्याला एकच कळत नव्हतं, पाणी. मंगलीचा पाडा उपकेंद्रापासून सहा किलोमीटर, रस्ता आहे, म्हणजे औषध महिन्याच्या महिन्याला. त्याचा हिशेब सरळ होता. सरिताबाईनं चार महिन्यांच्या गोळ्या मागितल्या तर पडद्यावर लाल अक्षरं, 'मर्यादेपेक्षा जास्त मागणी.' आणि मशीनची चिठ्ठी असल्याशिवाय भांडारातून एक गोळी हलेना.

बाईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "अवो, गोळ्याईचे खोके भांडारात भरून आहेत! माह्या डोळ्यानं पाहून राह्यली मी. पन मशीन नाई म्हनते तं तो भांडारवाला काय करन?"

सायमानं कंपनीला लिहिलं, 'एक ओळ बदलायची आहे, मी फुकट बदलून देते, फक्त आतलं दाखवा.' उत्तर मोठं सभ्य होतं. आतलं दाखवता येत नाही, ती कंपनीची मालमत्ता आहे. आपली सूचना नोंदवली असून दिवाळीनंतरच्या आवृत्तीत तिचा विचार होईल. दिवाळीनंतर! तोवर नाले आटून मुलं त्यात खेकडे धरायला लागतात. सायमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुन्हा ऑफिसात धावली, साहेबांना भेटली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही संधी दिली होती. तुम्हीच सही केली नाही."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते झोंबलं.

जूनच्या शेवटी सरिताबाईनं मंगलीला एका महिन्याच्या गोळ्या दिल्या, आपल्या हिमतीवर कुठून तरी जमवलेल्या आणखी नऊ दिल्या. जुलैत नाला बंद झाला. तो बंद होणार, कधी होणार, हे मंगलीनं तीन वर्षांपूर्वी सांगूनच ठेवलं होतं, आणि पोरीनं सांगितलेली तारीख चुकली नव्हती.

ऑगस्टातल्या एका दुपारी फोन वाजला. दुकानात प्रिंटर उघडून ठेवला होता, सायमाचे हात शाईनं काळे. सरिताबाई टेकडीवर चढून बोलत होती, वाऱ्यानं अर्धे शब्द उडत होते.

"मंगली गेली ना वो."

सायमानं काळ्या हातानंच फोन कानाशी घट्ट धरला.

"ताप आला, छातीत दुखे म्हने. तीन दिवस नाल्याच्या तिकडच्या काठावर आनून ठेवली होती लोकाईनं, बाजेवर. मी इकडच्या काठावर. दिसे मले ती. हात हालवला तिनं एक डाव. डोंगा टाकाची कोनाची छाती झाली नाई, एवढं पानी." मग बाई थोडा वेळ नुसती रडली. "गोळ्या असत्या तं वाचलीच असती असं नाई म्हनत मी. पन असत्या तं!"

"बाई, मी सही..."

"तुले नाई बोलून राह्यली मी. नको मनाले लावून घेऊ." पण तुझी चूक नाही, असं काही ती म्हणाली नाही, आणि दोघींनाही ते समजलं. शेवटी म्हणाली, "आपल्या जुन्या यादीतून तिचं नाव काढ. मले नाई होत."

सायमानं हात न धुताच लॅपटॉप ओढला. कामकऱ्यांच्या यादीतलं नाव तिनं तसंच राहू दिलं. औषधांच्या यादीतलं काढायला गेली तर नालापारनं विचारलं, 'कारण निवडा.' गाव बदललं. लग्न होऊन गेली. उपचार बदलला. आजारानं मृत्यू. तिनं स्वतःच कधीतरी लिहिलेली चार कारणं. चौथ्यावर बोट नेलं आणि थांबली. सादिकभाई मागं येऊन उभे राहिले होते.

तिनं पाचवं कारण लिहिलं, 'औषध भांडारात होतं, पोचलं नाही.' ते निवडलं. नाव गेलं. मग जशी सवय होती तसा, अटीप्रमाणे, तो बदल तिनं सगळ्यांसाठी उघडा केला. तेवढ्या एका ओळीसाठी तिला कोणाची सही लागली नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना एक निरोप आला. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातला, नालापार वापरणारा माणूस, नाव कधी ऐकलेलं नाही. त्यानं लिहिलं होतं, 'नवीन कारण आजच आमच्या यादीत घेतलं. आमच्याकडे ते केव्हापासून हवं होतं. पहिल्याच दिवशी चार नावांपुढे वापरलं. आभारी आहे.'

सायमानं ते दोनदा वाचलं आणि बापाच्या हातात लॅपटॉप दिला. सादिकभाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "चार," ते म्हणाले, आणि त्यांनी शटर खाली ओढलं.