लाखांदूरची मंडई एक दिवस पुढे गेली तेव्हा

सकाळी नऊ वाजता लाखांदूरच्या धान खरेदी केंद्रावरचे पाचही डेस्कटॉप सुरू झाले नाहीत. बाहेर धानाचे ट्रॅक्टर लागले होते, काटा तयार होता, हमाल आले होते. पडद्यावर एकच ओळ होती : आज केंद्राला सुट्टी आहे.

भंडाऱ्याला खरेदी-विक्री संघाच्या मुख्य कार्यालयात संगणकांचे काम पाहणाऱ्या उर्वशीला हे कळले ते देवानंदच्या फोनवरून. देवानंद लाखांदूर केंद्राचा दुसऱ्या क्रमांकाचा ऑपरेटर. बिघाड नव्हताच. केंद्रावर टेबलावर असते ती फक्त डबी, पडदा आणि की-बोर्ड. खरा संगणक नागपूरच्या सर्व्हरवर चालतो. सकाळी तो आपोआप सुरू होतो, संध्याकाळी आपोआप निजतो आणि केंद्राने सुट्टी लावलेल्या दिवशी उठतच नाही. दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे रात्रीच्या नाटकाची जत्रा, वेगळ्या तारखेला. ती भंडाऱ्यात बसून कुणाला ठाऊक असणार? म्हणून सुट्टी लावायचा अधिकार उर्वशीने केंद्रांकडेच दिला होता. लाखांदूरची पहिली ऑपरेटर रंजू; तिने मंडईचा दिवस आठवडाभर आधी लावून ठेवला. काल संध्याकाळी वडशाच्या नाटक मंडळीची तारीख दुसऱ्या गावाशी भिडली आणि मंडई एक दिवस पुढे गेली. सुट्टी काढायची मात्र राहिली. रंजू माहेरून येणाऱ्या एसटीत होती आणि तिचा फोन लागत नव्हता.

उर्वशीच्या समोर संगणक उघडा होता. मुख्य अधिकार अजून तिच्याकडेच होता. एक बटण दाबले असते तर पाचही डेस्कटॉप दोन मिनिटांत उभे राहिले असते.

तिने हात मांडीवर ठेवले.

तिला आठवा महिना होता. महिन्याभरापूर्वीपर्यंत संघाच्या सगळ्या केंद्रांचा कारभार तिच्या एका फोनवर चालायचा. बपेऱ्यात कुणी पासवर्ड विसरला, पवनीत नवा माणूस लागला, तरी हाक उर्वशीलाच. तिच्या डोहाळजेवणात ओटी भरताना फोन वाजला आणि पाटावर बसूनच तिने कुणाचे तरी अडकलेले खाते उघडून दिले. सासूने तेव्हा फोन ओढून घेतला नाही एवढेच. रजेचा अर्ज गेला तेव्हा अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले होते, की तिच्यावाचून चालत नसेल तर हे काम नागपूरच्या कंपनीला देऊन टाकू. कंपनीला काम गेले की उर्वशीची जागा उरणार नव्हती. बाळंतपणानंतर परत यायला खुर्चीच नसती.

त्यावर तिने नवी घडी बसवली. प्रत्येक केंद्रावर दोघांना त्या केंद्रापुरते अधिकार. नेहमीची कामे आपोआप. नेहमीबाहेरचे काही हवे असेल तर एका केंद्राने मागायचे आणि शेजारच्या केंद्राने मंजूर करायचे. आपलीच मागणी आपण मंजूर करायची नाही. संचालक मंडळाने महिनाभराची चाचणी दिली, पण अट घातली : या महिन्यात उर्वशीला एकदाही हात लावावा लागला तर घडी फसली असे धरायचे. महिना संपायला दोन दिवस उरले होते.

देवानंदने शिकवल्याप्रमाणे सगळे केले होते. लागलेली सुट्टी त्याच दिवशी उठवणे नेहमीबाहेरचे, म्हणून मोबाइलवरून तशी मागणी टाकली, कारण लिहिले, ती शेजारच्या पवनीला गेली. पवनीच्या मुरारीने ती अडवून ठेवली.

पुंडलिकराव नेमके तेव्हाच आत आले. त्यांना लाखांदूरहून शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले होते. सारे ऐकून ते तिच्यासमोर बसले.

"मंग दाब ना बटन, बाई. तुह्यासमोरच तं आहे."

"अट तुमचीच आहे, साहेब."

"अट माही आहे, पन धान लोकाईचं आहे."

उन्हात उभी माणसे तिच्या नोकरीसाठी उभी होती, असे कुणी म्हटले असते तर खोटे ठरले नसते. तिने सांगितले, की अकरापर्यंत वाट पाहते, मग दाबते. चाचणी फसली तर फसली. मग तिने मुरारीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मुरारी ढिवराच्या घरचा, पन्नाशीचा. मासेमारी संस्थेचा हिशेब सांभाळता सांभाळता संगणकावर बसलेला. तो शांतच होता.

"ताई, आज लाखांदूरची मंडई. मंडईच्या दिवशी डेस्कटॉप कायले पाहिजे त्याईले? काटा बंद अन् कॉम्प्युटर चालू, म्हंजे व्यापाऱ्याचं धान शेतकऱ्याच्या नावावर चढवाचं काम. तलावात मासेमारी बंद असताना पान्यात जाळं दिसलं, तं आमी पयले इचारतो."

"मंडई पुढे गेली आहे, मुरारीभाऊ."

"देवानंदनं बी तेच लिवलं. मले कसं मालूम?"

पुंडलिकरावांनी तिला हाताने खूण केली : सांग त्याला, हुकूम दे. तिने सांगितले असते तर मुरारीने मानलेही असते. पण मग पवनीत मुरारी बसला काय आणि खुर्चीवर दगड ठेवला काय, सारखेच.

"मी सांगते म्हणून करू नका," ती म्हणाली. "तुमची खात्री झाली की करा. फक्त लवकर करून घ्या, लोक उभे आहेत."

मुरारीची बहीण लाखांदुरात दिलेली. त्याने तिला फोन लावला. नंतर त्यानेच सांगितल्याप्रमाणे, ती नुसती करवादली : मंडई उद्यावर गेली, पण पाहुणे आजच येऊन बसले, आता दोन दिवस वडे तळत राहा, आणि तू कायले विचारून राहिला, तू बी येतोस का?

पावणेअकराला पवनीची मंजुरी पडली. पुढचे कुणाला करावे लागले नाही. सुट्टी उठली, डेस्कटॉप एकामागून एक जागे झाले, ऑपरेटरांना निरोप गेले. पडद्यावर लाखांदूरचे पाच लाल ठिपके हिरवे होताना उर्वशीने पाहिले. ती मुरारीवर चिडली होती, आणि त्याच्यासारखा माणूस प्रत्येक केंद्रावर असता तर, असेही तिच्या मनात येत होते. नोंदीत तिचे नाव कुठेच नव्हते.

पुंडलिकरावांनी पडद्यावरची मुरारीची नोंद वाचली.

"चोर नाही घुसू देनार तो," ते म्हणाले. "पन बहीन लाखांदुरात नसती दिली, तं?"

"तर अकराला मी बटण दाबलं असतं."

शनिवारी मंडळाची बैठक झाली. केंद्र पावणेदोन तास बंद राहिले, हीच घडी फसल्याची खूण, असे काही संचालकांचे म्हणणे पडले. बाईने हात लावला नाही आणि खोटी मागणी असती तर तीही अडली असती, असे इतरांचे. मते निम्मी निम्मी झाली. पुंडलिकरावांनी आपले मत दिले नाही; विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. ती बैठक कधी, ते ठरलेले नाही.

उर्वशीची रजा सोमवारपासून लागली. त्या सकाळी सगळ्या केंद्रांचे डेस्कटॉप वेळेवर सुरू झाले. नागपूरच्या कंपनीला संघाने अजून होकार कळवलेला नाही, नकारही नाही.