पचलेली माती

रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग कशाची ते विचारायचं, ही आत्याबाईंची जुनी खोड. त्या दिवशी मात्र विचारायची गरजच नव्हती. बंद कारखान्यातून झिरपलेलं सीझियम नावाचं किरणोत्सारी विष विहिरींत उतरलं होतं, आणि मातीबाबा ते मंत्राने काढत होते. बादलीशी किरणोत्सार मोजणारं यंत्र धरलं की टकटक. बाबा मूठभर माती टाकून पुटपुटत, गाळ बसल्यावर वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत, आणि यंत्र चिडीचूप. गल्ली आनंदाने नुसती खुळावली होती.

मातीने विष पचवलं, बाबा सांगत, ही ज्याच्या घरी त्याला बाधा नाही. शिष्य लांब चिमट्याने त्या गाळाचा एकेक गोळा वाटत होता. केवढा तो आदर, म्हणून आत्याबाईंना भरून आलं. गोळा त्यांनी थेट तान्ह्या नातवाच्या उशाखाली ठेवला.

संध्याकाळी भाची आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. विहिरी तपासायला आणलेलं यंत्र तिच्या हातातच होतं. पाळण्यापाशी ते तडतडू लागलं.

"आत्या, उशाखाली काय आहे?"

आत्याबाईंनी उशी सरकवून गोळा दाखवला. भाचीने बाळ त्यांच्या कडेवर दिलं, गोळा चिमट्याने डब्यात टाकला आणि सांगितलं, की तासाभराने बिघडत नाही, पण महिनोन्महिने राहिला असता तर बरं नव्हतं.

सकाळी रांगेसमोर तिने वीटभट्टीची माती विहिरीच्या पाण्याच्या बादलीत टाकली आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हटला. मध्येच चुकली; लोकांनीच दुरुस्त केलं. गाळ बसला, वेगळ्या भांड्यात ओतलेल्या वरच्या पाण्याशी यंत्र गप्प राहिलं. हसून लोकांची मुरकुंडी वळली.

मग तिने यंत्र गाळावर धरलं. तडतड.

"विष पचलं नाही, फक्त पाण्यातून मातीत गेलं. अशा मातीला बारीक पापुद्रे असतात, सीझियम त्यांच्या फटींत अडकतं." तिने तो गाळ स्वच्छ पाण्यात कालवून चमचाभर अमोनियमचं खत टाकलं. गाळ बसल्यावर वरचं पाणी वेगळं ओतलं, तर त्याच्याशी यंत्र पुन्हा टकटकलं. खताने थोड्या सीझियमला जागेवरून उठवलं होतं.

श्रद्धा नसली की विष परततं, असं बाबा म्हणाले. तेव्हा आत्याबाई डबा घेऊन पुढे झाल्या.

"माझी आहे ना श्रद्धा. हा गोळा आज तुम्ही उशाशी घ्या."

बाबा मागे सरकले ते शिष्यावर आदळले. चिमटा खाली पडला, आणि तो आदरासाठी नव्हता हे सगळ्यांना एकदमच कळलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," आत्याबाई म्हणाल्या. "माझा तान्हा नातू होता तिथे."

बाबा त्याच दुपारी पसार झाले. गोळे गोळा करायला सरकारी गाडी आली, तेव्हा पुन्हा रांग लागली. आत्याबाईंनी आधी विचारलं, रांग कशाची, आणि माती नेऊन ठेवणार कुठे? उत्तर पटल्यावरच त्या उभ्या राहिल्या. मागच्यांनाही त्यांनी बजावलं, "हात जोडायच्या आधी विचारत जा. नाहीसं झालं म्हणतात, ते गेलं कुठे?"