गॅस्केटवरचा क

शेखरनं टेम्पोतून चारशे रिकामे डबे उतरवले तेव्हाच माझं डोकं फिरलं. डब्यांवर एका जर्मन कंपनीचं नाव होतं, आणि आत भरायची होती रायपूरच्या भनपुरीतल्या आमच्या शेडमधली, मी प्रेसवर दाबून काढलेली गॅस्केटं. ट्रकच्या इंजिनात हेडखाली बसतात ना, तांब्याच्या पत्र्याची, ती.

शेखर म्हणजे शंकर नगरात ऑफिस थाटलेला दलाल. गिऱ्हाईक आफ्रिकेतलं, मोंबासाचं, माल आमचा, रुबाब त्याचा. रायपूर राजधानी झाल्यापासून त्याच्या पाटीवर 'एक्स्पोर्ट' हा शब्द चढला होता.

"दीदी, मोंबासात छत्तीसगड कोणाले माहीत आहे? जर्मन नावच चालते तिथं," तो म्हणाला. "अन् काठावरचं ते अक्षर घासून टाका."

अक्षराचं असं आहे. माझे यजमान दयाराम रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या टोळीची रीत होती : ज्यानं पुर्जा बनवला, त्यानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर त्यावर पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं ठोकायचं. बिघडला तर कोणाचा हात, ते कळावं. रिटायर झाल्यावर ती रीत त्यांनी घरच्या धंद्यात आणली. माझं नाव कलावती, म्हणून माझ्या गॅस्केटवर क.

"अन् गॅस्केट उडलं तर शिव्या कोणाले? जर्मनाले?" मी विचारलं.

"तुम्हाले काय करायचं त्याच्याशी?"

"मलेच करायचं आहे. डबे उचला."

तो हसला. "दहा-बारा दिवस विचार करा. ऑर्डर गेली अन् प्रेस विकावा लागला, तं मले बोलू नका." डबे तिथंच टाकून तो निघून गेला.

बोलला ते खोटं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालानं आमचं गिऱ्हाईक केव्हाच पळवलं होतं. आता हीच एक ऑर्डर उरली होती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच जास्त राग येत होता.

दयाराम म्हणाले, "एकदा मान वाकवली तं काय बिघडते?"

"रेल्वेच्या शेडमध्ये तुम्ही कधी दुसऱ्याचा पंच मारला काय?"

ते उठले आणि परत पाठवायला डबे बांधू लागले. या माणसावर मी चिडते खूप, पण माझा जीव आहे त्यांच्यावर, तो यासाठीच.

बांधताना त्यांना खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या सापडल्या. मोंबासाच्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फॅक्स नंबर, सगळं त्यावर. दलाल आपलं गिऱ्हाईक बायकोलासुद्धा सांगत नाही, आणि यानं माझ्या दारात आणून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आमच्या लेकीनं, रीनानं, इंग्रजीत लिहिलं, मी सांगितलं तसं : शेखरनं गेल्या वर्षी दाखवायला पाठवलेले नमुने आमचे होते, काठावर माझी खूण ठोकलेले. माल आमच्याच नावानं येईल. पटलं तर घ्या. चौकातल्या एसटीडी बूथवाल्यानं फॅक्स केला.

नऊ दिवस काही आलं नाही. प्रेस बघायला एक जण येऊनही गेला. दहाव्या दिवशी एसटीडीवाला कागद घेऊन धावत आला. रीनानं वाचलं : "तुमचा नमुना आमच्या ट्रकमध्ये अजून टिकून आहे. चारशे पाठवा. ही खूण असलेलेच."

खाली पेनानं काढलेली एक उभी रेघ, आणि दोन्ही बाजूंना दोन वाकडे कान. लिपी न येणाऱ्या कोणीतरी बघून बघून काढलेला माझा क.

डबे मी स्वतः टेम्पोत घालून शंकर नगरात नेले आणि शेखरच्या टेबलापुढं ओतले.

"मोंबासात छत्तीसगड माहीत नसन," मी म्हटलं, "कलावती माहीत आहे."